दार उघडते ते ओळखीच्या हाकेला

विशेष प्रतिनिधी

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागातील एका झोपडपट्टीत एकाच कुटुंबातील तीन बालके अवघ्या दोन दिवसांत दगावली. गोवराचा संशय व्यक्त झाला, तपासण्या सुरू झाल्या आणि पाहता पाहता साथीचा विळखा शहराच्या इतर भागांबरोबरच भिवंडी आणि मालेगावलाही पडल्याचे स्पष्ट झाले. केंद्राचे पथक मुंबईत आले, घरोघरी सर्वेक्षण झाले, अतिरिक्त लसीकरणाची मोहीम राबविण्यात आली. त्या वेळी अनेकांना पडलेला प्रश्न साधा होता. गोवराची लस पालिकेच्या दवाखान्यात कित्येक वर्षांपासून मोफत मिळते. मग या वस्त्यांतील इतकी मुले लशीवाचून राहिली कशी?

उत्तराचा एक भाग करोनाकाळात सापडतो. त्या दोन वर्षांत नियमित लसीकरणाची घडी विस्कटली होती. दुसरा भाग मात्र बराच जुना आहे. हातावर पोट असलेल्या आईला दवाखान्यात जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. लस टोचल्यावर मुलाला ताप आला तर दुसरा दिवसही बुडतो. त्यातच, ज्या पालिकेचे पथक एक दिवस झोपडी पाडायला येते, त्याच पालिकेचे ओळखपत्र गळ्यात घालून दुसऱ्या दिवशी कोणी मुलांची नावे विचारू लागले, तर दारातली बाई सावध होते. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या, त्यांत मानखुर्द परिसरातील वस्त्याही होत्या. अशा आठवणी वस्तीतून सहजासहजी पुसल्या जात नाहीत.

सेवा उपलब्ध असणे आणि ती कुटुंबापर्यंत पोहोचणे यांत जे अंतर उरते, ते बऱ्याचदा अविश्वासाचे असते. हे अंतर कसे तुटते, याचा आपल्या देशातील सर्वांत मोठा धडा पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत दडलेला आहे.

दोन थेंबांमागचा संशय

देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. पहिल्या काही वर्षांत रुग्णसंख्या झपाट्याने घटली आणि रोग आता हद्दपार होणार, असे वाटू लागले. तोच २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशातील होते. मुरादाबाद आणि त्याभोवतालचे पश्चिम उत्तर प्रदेशातील जिल्हे साथीचे केंद्र बनले. रुग्णांमध्ये मुस्लिम मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा कितीतरी अधिक होते.

कारणांचा शोध घेतला असता एक अफवा वारंवार पुढे येत होती. या थेंबांमुळे मुले पुढे वंध्य होतात, हा सरकारचा छुपा कुटुंबनियोजनाचा डाव आहे, अशी ती अफवा. शहरी वाचकाला ती हास्यास्पद वाटेल. परंतु तिची मुळे याच मातीत होती. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सक्तीचा वाटा मोठा होता. सक्तीविरुद्धच्या निदर्शनांवर १९७६ मध्ये मुझफ्फरनगर येथे गोळीबारही झाला होता. ज्या जिल्ह्यांनी सरकारी आरोग्य यंत्रणेचे हे रूप पाहिले होते, तेथे पंचवीस वर्षांनी तीच यंत्रणा दारोदार फिरून लहान मुलांना औषध पाजू लागली, तेव्हा आजोबांच्या पिढीने संशय घ्यावा, यात नवल ते काय?

संशयाला दुसरेही एक खतपाणी मिळत होते. गावात दवाखाना असला तरी डॉक्टर नसे, औषध नसे. मूल तापाने फणफणले तरी कोणी फिरकत नसे. पोलिओचे पथक मात्र बोलावल्याशिवाय येई आणि पुन:पुन्हा येई. इतर सर्व बाबतींत आपल्याला विसरलेले सरकार याच एका औषधासाठी इतके उतावीळ का, हा प्रश्न पालक विचारत. तो अज्ञानातून आलेला नव्हता, अनुभवातून आलेला होता.

तिसरे कारण तर शास्त्रीय होते. दाट वस्ती, उघडी गटारे आणि मुलांना सतत होणारे अतिसार यांमुळे उत्तर प्रदेश व बिहारच्या काही भागांत त्या वेळच्या तोंडावाटे देण्याच्या लशीचा प्रभाव कमी पडत होता. कित्येक डोस घेतलेल्या मुलालाही पोलिओ झाल्याची उदाहरणे घडत. शेजारच्या मुलाचे पाय लुळे पडलेले पाहणाऱ्या आईला 'लस सुरक्षित आहे, परिणामकारक आहे' असे फलक दाखवून काय उपयोग?

नकाराचे कारण ऐकून घेतले

सुरुवातीला यंत्रणेचा भर प्रचारावर होता. घोषणा, पोस्टर, नामवंत अभिनेत्यांची आवाहने यांमुळे मोहिमेची माहिती घराघरांत पोहोचली, परंतु नकार देणारी घरे बधली नाहीत. २००२ च्या उद्रेकानंतर मात्र युनिसेफ आणि काही स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने उत्तर प्रदेशात एक वेगळी व्यवस्था उभी राहू लागली. तिच्या पायथ्याशी होती 'समुदाय संघटक' म्हणून नेमलेली स्थानिक कार्यकर्ती, बहुतांशी त्याच मोहल्ल्यात राहणारी स्त्री.

तिच्याकडे काही शे घरे सोपविलेली असत. त्या घरांतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव तिच्या वहीत असे. गरोदर कोण, बाळंतपण कोणाचे झाले, माहेरी कोण गेले, वीटभट्टीवर कामाला कोण निघाले, याची नोंद ती ठेवी. पूर्वीच्या पथकांत परगावचे पुरुष असत आणि अनेक घरांच्या उंबऱ्याआत त्यांना प्रवेश नसे. ही बाई मात्र थेट स्वयंपाकघरात जाऊन बसू शकत होती.

लसीकरणानंतर घराच्या भिंतीवर खडूने खूण केली जाई. सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी', एखादे मूल राहिले असेल तर 'एक्स'. या 'एक्स' घरांकडे बघण्याचा दृष्टिकोन हळूहळू बदलत गेला. मूल झोपले होते, आजारी होते, गावाला गेले होते की पालकांनी नकार दिला, याची वेगवेगळी नोंद होऊ लागली. नकार देणाऱ्या घरी नंतर दुसरे पथक जाई आणि त्याच्यासोबत त्या कुटुंबाचा ज्याच्यावर भरवसा असेल अशी व्यक्ती असे. कुठे ती मशिदीचे इमाम, कुठे शाळामास्तर, कुठे मोहल्ल्यातले डॉक्टर. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्थाही मोहिमेशी जोडल्या गेल्या आणि मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून लसीकरणाच्या दिवसाची सूचना दिली जाऊ लागली.

तक्रारीचेही उत्तर द्यावे लागले. 'आम्हाला इतर काहीच मिळत नाही' हे म्हणणे खरेच होते. म्हणून पोलिओचा फैलाव ज्यांत सर्वाधिक चिवट होता, अशा १०७ तालुक्यांसाठी (६६ उत्तर प्रदेशातील, ४१ बिहारमधील) २००९ मध्ये स्वतंत्र आराखडा आखण्यात आला. पोलिओच्या थेंबांबरोबर नियमित लसीकरण, अतिसारावर क्षार-संजीवनी व झिंक, स्तनपानाचा सल्ला, हात धुणे, शौचालये असे विषय हाती घेण्यात आले. बिहारमधील कोसी नदीच्या खोऱ्यात, जेथे पुरामुळे वाटाच उरत नाहीत, तेथे पथकांच्या मुक्कामाची ठाणी उभी राहिली. स्थलांतरित मजूर, भटकी कुटुंबे, बांधकामांवरील वस्त्या यांच्या स्वतंत्र याद्या तयार झाल्या आणि रेल्वेगाड्यांतही मुलांना डोस पाजले जाऊ लागले.

केवळ विश्वासाने पोलिओ गेला, असे म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. २००५ पासून एकाच प्रकारच्या विषाणूवर अधिक प्रभावी ठरणारी लस आणि २०१० मध्ये दोन प्रकारांवरील संयुक्त लस आली. लशीतील उणीव शास्त्रज्ञांनी मान्य केली आणि ती दूर केली. विश्वासाच्या दृष्टीनेही ही गोष्ट महत्त्वाची होती, कारण कार्यकर्तीचा शब्द खरा ठरण्यासाठी तिच्या हातातील औषध खरे असावे लागते. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

महाराष्ट्राची जुनी ओळख

महाराष्ट्राला हे शहाणपण उत्तरेकडून उसने आणण्याची गरज नव्हती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा दुष्काळी भागातील लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती. त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. आरोळे यांनी तेथूनच आरंभ केला. पुढे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले. या कार्यासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. पांढऱ्या कपड्यांतील डॉक्टर-परिचारिका पाहून भीती वाटते, कारण पांढरे वस्त्र मृतासाठी असते. मोठ्या इमारतीत वाट चुकते. आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. मग रुग्णालयच झोपड्यांच्या स्वरूपात उभे राहिले, नातेवाइकांसह राहता येईल असे. त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. १९९५ पासून गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच पद्धत २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबविण्यात येऊ लागली.

मुरादाबाद, जामखेड, गडचिरोली या तीन ठिकाणांत भाषा, धर्म, भूगोल यांपैकी काहीच समान नाही. कामाचा क्रम मात्र समान आहे. आधी लोकांना काय हवे ते विचारायचे, मग दारात जाणारी व्यक्ती त्यांच्यातलीच निवडायची, नकाराचे कारण नोंदवायचे आणि त्या कारणानुसार आपली सेवा बदलायची. यातला शेवटचा टप्पा सर्वांत कठीण, कारण तेथे कुटुंबाने नव्हे तर यंत्रणेने बदलायचे असते.

महानगराचा हिशेब

आता पुन्हा मुंबईकडे वळू. गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा आजार आहे. त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळणे आवश्यक मानले जाते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. म्हणजे एकाच कुटुंबाने दोनदा, वर्षभराच्या अंतराने, आरोग्य यंत्रणेकडे परत यायला हवे. एकदा आलेली आई दुसऱ्यांदा येते की नाही, हे पहिल्या वेळी तिला कशी वागणूक मिळाली यावर बरेच अवलंबून असते. लस दिल्यावर ताप येऊ शकतो, हे तिला आधी सांगितले होते का? कार्ड हरवले म्हणून तिला रागावून परत तर पाठविले नाही ना? ती कामावरून सुटते त्या वेळी केंद्र उघडे असते का?

२०२२ च्या साथीत धर्मगुरूंची मदत घेण्यात आली, वस्त्यांमध्ये शिबिरे झाली, ते योग्यच झाले. परंतु साथ आल्यावर मागितलेला विश्वास आणि वर्षानुवर्षे जमा झालेला विश्वास यांत फरक आहे. तो जमा करण्याचे काम मुंबईत पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका आणि राज्यात इतरत्र 'आशा' कार्यकर्त्या करतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये 'आशा' कार्यकर्त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातील 'आशा' कार्यकर्त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. वस्तीतील प्रत्येक बाळाचे नाव जिला ठाऊक आहे, तिला यंत्रणा आजही कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानते.

विश्वासाचा विषय निघाला की तो आपण लोकांच्या मानसिकतेवर ढकलतो आणि जनजागृतीचे फलक छापतो. गोवंडीतील आईला मात्र फलकापेक्षा एका गोष्टीची गरज आहे. तिच्या बाळाला लस टोचून गेलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन विचारायला हवे, रात्री ताप आला होता का? ही विचारपूस करायला त्या बाईकडे वेळ असावा, घरे मोजकी असावीत आणि महिन्याअखेरीस तिला तिचा मोबदला मिळावा. एवढी तजवीज करणे कोणत्याही महापालिकेच्या आवाक्यातले आहे.