मादक द्रव्यांचा आरोप आणि कुटुंबाचें कर्तव्य

आजारपण, मृत्यु, कर्ज, नोकरी सुटणें या आपत्तींना तोंड कसें द्यावें, याचें शिक्षण एकत्र कुटुंबांत वडील मंडळींकडून नकळत मिळत असतें. परंतु घरांतील मुलगा मादक द्रव्यांच्या आरोपाखालीं पोलिसांनीं धरून नेला, असें वर्तमान आलें म्हणजे काय करावें, हें कोणीं कोणास शिकविलेलें नसतें. अशा प्रसंगीं घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "केलें असेल तर भोगूं दे, आम्हांस तोंड दाखवावयास जागा ठेविली नाहीं." दुसरा ओळखीचा एखादा वजनदार मनुष्य शोधावयास धांवतो. या दोन्ही प्रकारांत जे तास वायां जातात, तेच खटल्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचे असतात. हें वाचकांच्या ध्यानीं आणून द्यावें, एवढाच या लेखांत आमचा उद्देश आहे.

आरोपीस वकील देणें म्हणजे त्याच्या दुर्वर्तनास पाठीशीं घालणें, अशी समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते. ती सोडून दिली पाहिजे. आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असें होत नाहीं; आणि हातून खरोखरच प्रमाद घडला असला, तरी तो कोणता, किती व कोणत्या शिक्षेस पात्र, याचा निवाडा दोन्ही बाजू ऐकूनच व्हावयाचा असतो. म्हणूनच घटनेच्या २२ व्या कलमानें अटकेंतील मनुष्यास अटकेचीं कारणें जाणण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाशीं सल्लामसलत करण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांचे आंत मॅजिस्ट्रेटपुढें हजर केलें जाण्याचा हक्क दिला आहे.

कायद्याचा कडकपणा

आपल्या देशांत या विषयावरचा मुख्य कायदा १९८५ सालचा. २००१ सालच्या दुरुस्तीपासून शिक्षेचें मान मुख्यतः पदार्थाच्या वजनावर ठरतें. गांजा १ किलोहून कमी असल्यास प्रमाण 'अल्प', व २० किलोहून अधिक असल्यास 'व्यापारी' समजतात. चरसाच्या बाबतींत याच मर्यादा १०० ग्रॅम व १ किलो, हेरॉइनच्या बाबतींत ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, कोकेनच्या बाबतींत २ ग्रॅम व १०० ग्रॅम अशा आहेत. तरुणांच्या मेळाव्यांतून फिरणाऱ्या एमडीएमएच्या बाबतींत तर त्या अर्धा ग्रॅम व १० ग्रॅम एवढ्याच आहेत. १० ग्रॅम म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे साखर! अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणास कमींत कमी दहा व जास्तींत जास्त वीस वर्षें सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड, असा हा क्रम आहे. २०२० सालीं हिरा सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असाहि निर्णय दिला कीं, मिश्रणाचें वजन करतांना त्यांतील निरुपद्रवी भेसळहि धरावयाची. तेव्हां "थोडेंसेंच तर होतें" या समाधानांत कोणीं राहूं नये.

जामिनाची गोष्ट तर याहून बिकट आहे. व्यापारी प्रमाणाच्या आरोपांत ३७ व्या कलमान्वयें सरकारी वकिलास विरोधाची संधि द्यावी लागते. आणि त्यानें विरोध केल्यास, आरोपी निर्दोष असल्याचें मानण्यास सबळ कारण आहे व तो सुटल्यावर गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्यावांचून जामीन मिळत नाहीं. शिवाय पदार्थ ताब्यांत सांपडला कीं कांहीं गोष्टी आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरण्याची मुभा कायद्यानें दिली आहे. मात्र २००८ सालीं नूर आगा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, पदार्थ त्याच्याच ताब्यांत होता इत्यादि मूळ गोष्टी प्रथम सरकारनेंच सिद्ध केल्या पाहिजेत. बचावाचें सारें काम या फटींतून चालावयाचें असतें, आणि म्हणूनच तें जाणत्या मनुष्याच्या हातीं असावें लागतें.

पहिल्या दिवशीं काय करावें

मुलगा कोणत्या ठाण्यांत आहे, कोणत्या खात्यानें धरला, कोणतीं कलमें लाविलीं, कोणता पदार्थ किती वजनाचा दाखविला, हें घरांतील एकाच शांत डोक्याच्या मनुष्यानें विचारून लिहून घ्यावें. अटकेचीं कारणें आरोपीस समजेल अशा भाषेंत लेखी दिलीं पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्पष्ट केलें आहे. तो कागद मागावा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें चौकशी चालू असतां आरोपीस आपल्या वकिलास भेटतां येतें, जरी वकील सर्व वेळ जवळ बसूं शकत नसला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरहि करतां येत नाहीं. तोफान सिंग खटल्यांत २०२० सालीं असें ठरलें कीं, या कायद्याखालील अधिकाऱ्यांपुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांत घेतां येत नाहीं. तरीहि न वाचतां वा कोऱ्या कागदावर सही करूं नये, हें मुलास वकिलाकरवीं कळवावें.

घरांतील माणसांनीं आणखी एक पथ्य पाळावें. मायेपोटीं मुलाची खोली आवरणें, कागद जाळणें, फोनमधील मजकूर पुसून टाकणें, हे प्रकार कदापि करूं नयेत. त्यानें मुलाचें हित होत नाहीं, आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप आईबापांवर येतो. उलट तो त्या दिवशीं केव्हां बाहेर पडला, कोणाबरोबर होता, कोणत्या रस्त्यानें गेला, हें आठवेल तसें लिहून ठेवावें, आणि त्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांतील चित्रण राखून ठेवण्याबद्दल वकिलाकडून ताबडतोब अर्ज करवावा. कारण असें चित्रण कांहीं दिवसांनीं आपोआप पुसलें जातें.

झडती, मोहोर आणि दिवसांची मोजणी

अंगझडतीपूर्वीं, मॅजिस्ट्रेट अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमक्ष झडती घेववून घेण्याचा तुमचा हक्क आहे, असें आरोपीस सांगावें लागतें. ५० व्या कलमाचा हा दंडक १९९९ सालीं बलदेव सिंग खटल्यांत घटनापीठानें बंधनकारक ठरविला व २०१० सालीं विजयसिंह जाडेजा खटल्यांत अधिक पक्का केला. स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावयाची असते. परंतु हा नियम अंगझडतीपुरता आहे. हातांतील पिशवीस तो लागू होत नाहीं, असें २००५ सालीं ठरलेलें आहे. जप्त मालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमक्ष काढावयाचे, हें २०१६ च्या मोहनलाल खटल्यांत सांगितलें गेलें. तथापि या बाबतींतील चुकीनें आरोपी आपोआप जामिनास पात्र होत नाहीं, असेंहि २०२४ सालीं न्यायालयानें बजावलें. तेव्हां "पंचनाम्यांत चूक आहे, मुलगा सुटलाच" असें सांगणाऱ्यावर विसंबूं नये. चूक कोणती, तिनें पुराव्याचा कोणता दुवा तुटतो, हें उलटतपासणींत दाखवावें लागतें.

दिवस मोजणें हेंहि वकिलाचें महत्त्वाचें काम. व्यापारी प्रमाणाच्या आरोपांत दोषारोपपत्र १८० दिवसांत दाखल झालें पाहिजे; सरकारी वकिलाच्या सकारण अहवालावर न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवूं शकतें. मुदत टळली, वाढविली गेली नाहीं, व आरोपपत्र आलें नाहीं, तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करण्यापूर्वीं आरोपपत्र दाखल झालें तर तो हक्क हातचा जातो. एका दिवसाच्या आळसानें आणखी कैक महिने कोठडींत काढावे लागूं शकतात.

वकिलाची निवड

घराण्याच्या वाटणीपत्रांचें काम पिढ्यान्‌पिढ्या पाहणारे वकील कितीहि सज्जन असले, तरी हें काम त्यांचें नव्हे. त्या जिल्ह्याच्या विशेष न्यायालयांत असे खटले नित्य चालविणाराच गांठावा. असे किती खटले चालविले, प्रत्यक्ष कोण उभें राहणार, फी किती व केव्हां, हें आरंभींच विचारून लिहून घ्यावें. सुटकेची हमी देणाऱ्यापासून दूर राहावें. निकालावर फी ठरविणें वकिलांच्या आचारनियमांतच निषिद्ध आहे. "वर पोंचवावयाचे" म्हणून पैसे मागणारा दलाल तर दारांतूनच परत पाठवावा. आणि वकिलापाशीं कांहीं लपवूं नये. अशिलानें त्यास विश्वासानें सांगितलेलें गुपित राखण्यास तो कायद्यानें बांधलेला आहे.

पैसा नसेल तर? कोठडींतील कोणत्याहि मनुष्यास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, १९८७ च्या विधिसेवा कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें सरकारी खर्चानें वकील मिळतो. स्त्रियांसहि हाच हक्क आहे. जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाच्या कचेरींत अथवा १५१०० या क्रमांकावर मागणी करावी. ही मदत मॅजिस्ट्रेटपुढें प्रथम नेतांनाच दिली पाहिजे, असें २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें आहे. ती घेण्यांत कमीपणा मानूं नये.

मुलास व्यसनच जडलें असेल, तर तोहि मार्ग कायद्यानें ठेविला आहे. केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेनें मान्यताप्राप्त रुग्णालयांत उपचार घेईल व ते पूर्ण करील, तर ६४-अ कलमान्वयें त्यास खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें; उपचार अर्धवट सोडल्यास तें काढून घेतां येतें. हा अर्ज वेळीं सुचविणाराहि जाणता वकीलच लागतो, आणि उपचार पुरे करवून घेणारें घर लागतें.

खटले लांबतात, हें मनाशीं धरूनच चालावें. सात वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेंत राहिलेल्या एका आरोपीस २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विलंबाच्या कारणावरून जामीन दिला, यावरून हा काळ किती लांबूं शकतो याची कल्पना येईल. तेवढ्या अवधींत तारखेस कोणीतरी हजर राहणें, तुरुंगांत भेटीस जाणें, पत्र लिहिणें, धाकट्या भावंडांस शेजाऱ्यांच्या तोंडून कळण्यापूर्वीं खरें काय तें सांगणें, हीं कामें घरच्यांचींच. ज्या घरानें मुलाचें नांव टाकलें, त्याची अब्रू त्यायोगें वांचत नाहीं. फक्त मुलगा एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या आरोपीच्या वतीनें कागद मागणारें, दिवस मोजणारें कोणी उरत नाहीं. दोषी असल्यास योग्य तेवढीच शिक्षा व्हावी व निर्दोष असल्यास एकहि दिवस अधिक जाऊं नये, यासाठीं झटणें हें कर्तव्य आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणावरहि असा प्रसंग न येवो. पण आलाच, तर लाज बाजूस ठेवून त्याच दिवशीं वकिलाचें दार ठोठवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.