परड्यात टर्फ? आधी माती बघा, बॉस!

वीकएन्डला रात्री टर्फचा स्लॉट मिळणं म्हणजे तत्काळचं तिकीट कन्फर्म होण्यासारखं! ग्रुपवर बारा जण अंगठे दाखवतात, ऐन वेळी सात उगवतात आणि भाडं मात्र एकाच्याच खिशातून जातं. पुण्या-मुंबईचं सोडाच, सांगली-मिरजेकडेही आता हेच चित्र आहे. मग कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळतो... घरामागे एवढी जागा पडून आहे, आपलंच टर्फ टाकलं तर?

आमच्या घरात हा किडा दादाच्या डोक्यात वळवळला. नोकरी पुण्यातल्या आयटी कंपनीत, पण लॅपटॉप सांगलीत. त्याची मुलगी आठ वर्षांची, बॅट उशाशी घेऊन झोपणारी. सांगलीत हे व्हायचंच! स्मृती मानधना इथेच लहानाची मोठी झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीमची ती व्हाइस कॅप्टन होती. (विजय हजारेही सांगलीचेच. पण हे पुतणीला सांगायला गेलं की ती "कोण?" म्हणते!)

दादाचा पहिला प्लॅन एकदम भारी. अख्खं परडं हिरवंगार, चारी बाजूंनी नेट, वर फ्लडलाइट. आईने एकच प्रश्न विचारला, "पावसाचं पाणी कुठं जाणार रे?"

तिचा प्रश्न पुढे महिनाभर आम्हाला पुरला.

खरं तर हे गवत जन्मालाच आलं ते खरं गवत जगेना म्हणून. अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं स्टेडियम १९६५ मध्ये उघडलं. छपरातून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, म्हणून छप्पर रंगवलं आणि आतलं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे प्लॅस्टिकचं गवत आलं, 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव तिथूनच पडलं. आपल्याला त्याचा फटका बसला तो हॉकीत. १९७५ चा वर्ल्ड कप गवतावर जिंकलेला भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फवर चक्क सातवा आला.

आता आपल्या परड्यात या. दुकानदार तुम्हाला कॅटलॉग दाखवेल, त्यातल्या हिरव्या रंगाच्या चार शेड दाखवेल. पण टर्फ म्हणजे शेवटी गालिचा! खरं काम त्याच्या खाली आहे. सांगलीची काळी माती उसाला झकास, बांधकामाला डोकेदुखी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट टर्फ अंथरलं तर दोन पावसाळ्यांत त्याची गोधडी होते. त्यामुळे आधी काळी माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, मग खडी.

पुढचं तुम्ही काय खेळणार त्यावर. फुटबॉल असेल तर दाबलेल्या खडीवर ४०-५० मिलिमीटर उंचीचं गवत, त्यात सिलिका वाळू आणि रबराचे दाणे. नुसती क्रिकेटची प्रॅक्टिस असेल तर काँक्रीटची पट्टी आणि वर जेमतेम १०-१२ मिलिमीटरचं आखूड गवत, चिकटवलेलं. आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो. रबराचे दाणे बहुतेक जुन्या टायरचे असतात. पावसात वाहून गटारात जातात, बुटातून घरात येतात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला, २०३१ पासून तिथे असे दाणे विकताच येणार नाहीत. मग पुतणीच्या पायाखाली ते कशाला?

आणि ऊन! भर दुपारी प्लॅस्टिकचं गवत ६० अंशांच्याही वर तापू शकतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठेवून बघाच. (नकोच, राहू दे.) म्हणजे घरचं टर्फ झालं तरी खेळायचं सकाळी नाहीतर संध्याकाळी. स्लॉट सुटत नाही तो नाहीच!

आईचा प्रश्न मात्र पाऊस सोडून पुराकडे वळला होता. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला तिने ती ओलांडली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा आली. २०१९ ला आमच्या परड्यात कंबरभर पाणी होतं. पूर ओसरल्यावर जो गाळ राहतो तो लांब तंतूंच्या, वाळू भरलेल्या टर्फमध्ये असा बसतो की काढता काढता नाकी नऊ येतात. आखूड गवत पाइप लावून धुता तरी येतं. पण रोजच्या पावसाचं काय? अख्खं परडं काँक्रीटने झाकलं की जमिनीत मुरणारं पाणी थेट शेजारच्या कंपाउंडमध्ये. दादा म्हणाला, "सगळ्यांनीच फरशी केलीय की." आई म्हणाली, "म्हणून तर गल्लीत गुडघाभर साचतं." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मी तर टर्फच्या बाजूने होते!

शेवटी ठरलं ते असं. ८० फूट लांब, १२ फूट रुंद, एवढीच पट्टी. खेळपट्टी २२ यार्डांची म्हणजे ६६ फूट, बाकीचे फूट स्टंपमागे आणि बोलरला. रनअप? दोन पावलं, स्पिन टाका! रुंदीला दीड इंच उतार, कडेने पन्हळ, तिचं पाणी शोषखड्ड्यात. कढीपत्ता, गवती चहा, पारिजातक जागेवर. काँक्रीट पडलंय, आता त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारायचं काम चालू आहे. फ्लडलाइट रद्द.

नेट मात्र ठरल्यापेक्षा उंच लागणार. शेजारच्या काकूंच्या किचनची खिडकी बरोब्बर मिडविकेटला येते.