पॉडगोरिका: मुक्कामाचं गाव

मॉन्टेनेग्रोची राजधानी पॉडगोरिका बघण्यासारखी नाही, असं सर्रास म्हटलं जातं. तक्रार निम्मी खरी. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात जुनं शहर जवळपास भुईसपाट झालं. स्तारा वारोश या जुन्या वस्तीतला घड्याळाचा मनोरा आणि रिबनित्सा नदी मोराचाला मिळते तिथला छोटा दगडी पूल, एवढं पाहायला सकाळ पुरते. पण राजधानी मुक्कामासाठी निवडावी ती तिथून कुठे जाता येतं यावरून. इथे रेल्वे आणि बस स्थानकं शेजारी-शेजारी आहेत. दक्षिणेची गाडी स्कादर सरोवर ओलांडून बारच्या किनाऱ्यावर उतरवते. वाटेत विर्पाझारला उतरून होडीनं फिरता येतं. उत्तरेला कोलाशिनकडे जाताना डावीकडची खिडकी धरा: खाली मोराचाची दरी, आणि पुढे 198 मीटर उंचीचा माला रियेका पूल. हा बेलग्रेड-बार मार्ग 1976 साली सुरू झाला.

मग थेट किनाऱ्यावरच्या कोटोरलाच का राहू नये? देखणं आहेच, पण तिथे रेल्वे नाही आणि उन्हाळ्यात किनाऱ्याचे रस्ते तुंबतात. उकाड्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पॉडगोरिका भट्टीसारखी तापते, तेव्हा मे किंवा सप्टेंबर गाठा. मुक्काम इथे ठेवला की जुनी राजधानी त्सेतिन्येही बसनं तासाभराच्या आत.