थंडीत मोबाइल वापरायचा? असे विणा झाकणाचे हातमोजे

वऱ्हाडात हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचे ओलित अनेकदा रात्रीच्या विजेवर होते. हातमोजे घातले तर मोबाइलची स्क्रीन चालत नाही, काढले तर बोटे आखडतात. चिखलदऱ्याला पहाटे फिरायला निघालेल्यांचीही हीच अडचण.

यावर उपाय झाकणाच्या हातमोज्यांचा. आत बोटांची टोके उघडी ठेवणारा मोजा आणि वर मागे उलटता येणारी टोपी. टचस्क्रीनला बोटाचा स्पर्श कळतो तो त्वचेतून वीज वाहू शकते म्हणून. कोरडी लोकर मध्ये आली की तो कळत नाही. शिवाय टोपीत चारही बोटे एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. सुट्या बोटांच्या मोज्यात ती एकेकटी गारठतात.

विणायला दोन सुया पुरतात. मध्यम हातासाठी डबल निटिंग लोकर घ्या. १० नंबरच्या सुयांवर ४२ टाके घालून एक सुलट, एक उलट असे ६ सेंमी मनगट विणा. मग ९ नंबरवर साधी वीण, एक ओळ सुलट, एक उलट. बोटांच्या मधल्या पेराच्या खाली आलात की चार ओळी पुन्हा मनगटासारख्या विणून टाके बंद करा. बाजूची शिवण घालताना अंगठ्यासाठी ४ सेंमी फट सोडा.

खरी कसब टोपीत आहे. हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी एका सरळ ओळीत २१ टाके उचला आणि त्याच सुईवर तळहातासाठी २१ नवे टाके घाला. ही ओळ वाकडी गेली तर टोपी तिरकी बसते, म्हणून आधी रंगीत दोरा ओवून घ्या. बोटांच्या टोकाजवळ टाके घटवत १४ वर आणा, दोरा ओढून बंद करा, बाजू शिवा. टोकाला फासा, मनगटावर बटन. डावा-उजवा फरक टोपीनेच पडतो.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक असतो. शेकोटीजवळ तो वितळून कातडीला चिकटू शकतो. आणि ओला मोजा घालून मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. लोकरीचा मोजा शॉकपासून वाचवत नाही. दुचाकीवर मात्र सुट्या बोटांचे चामडी मोजेच बरे, टोपीत ब्रेक-क्लचवरची पकड सुटते.