मधपेट्यांच्या वाहतुकीतील धोके

मधपेट्यांची वाहतूक म्हणजे पिकांच्या परागीभवनासाठी किंवा मधसंकलनासाठी पाळीव मधमाश्यांच्या वसाहती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेणे होय. रस्त्याने होणाऱ्या या वाहतुकीत उष्णता, धक्के, रोगप्रसार आणि अपघात हे प्रमुख धोके असतात.

पार्श्वभूमी

जगातील सुमारे ८० टक्के बदाम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पिकतात. तेथे फेब्रुवारीत बदामाला बहर येतो. परागीभवनासाठी एकरी साधारणपणे दोन पेट्या ठेवतात. त्यासाठी दरवर्षी देशभरातून लाखो पेट्या तेथे आणल्या जातात. एका ट्रकवर चारशेहून अधिक पेट्या रचून त्यांवर जाळी ताणली जाते.

उष्णता

अंडी व अळ्या असलेल्या भागाचे तापमान मधमाश्या सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात. त्यासाठी त्या पंखांनी वारा घालतात आणि पाण्याचे बाष्पीभवन करतात. ट्रक चालू असताना पेट्यांमधून हवा खेळती राहते. तो उन्हात थांबल्यास पेट्या वेगाने तापतात. अस्वस्थ माश्यांच्या हालचालींमुळे उष्णता आणखी वाढते, मेणाची पोळी मऊ होऊन कोसळतात आणि संपूर्ण वसाहत गुदमरून मरू शकते. त्यामुळे प्रवासापेक्षा दिवसाचा थांबा अधिक घातक ठरतो.

धक्के व रोगप्रसार

खराब रस्त्यावरील धक्क्यांनी चौकटी हलून राणी माशी चिरडली जाण्याची शक्यता असते. राणीअभावी नवी अंडी घातली जात नाहीत व वसाहत दुर्बळ होते. तसेच दूरदूरच्या वसाहती एकाच परिसरात आल्याने व्हरोआ या परजीवी कोळ्याचा आणि विषाणूंचा प्रसार सुलभ होतो.

अपघात

१७ एप्रिल २०१५ रोजी वॉशिंग्टन राज्यातील लिनवुड येथे चारशेहून अधिक पेट्या नेणारा ट्रक महामार्गावर उलटला. त्यात सुमारे १.४ कोटी मधमाश्या होत्या. मधपाळांनी पहाटेपर्यंत काही पेट्या वाचवल्या. मात्र ऊन वाढताच माश्या आक्रमक झाल्या आणि अग्निशमन दलाला फेस फवारून उरलेल्या अनेक माश्या माराव्या लागल्या.

खबरदारी

अंधारात माश्या सहसा उडत नाहीत. म्हणून पेट्या संध्याकाळनंतर भरून रात्री प्रवास केला जातो. पेट्या पट्ट्यांनी घट्ट बांधणे, हवेसाठी मोकळी जागा ठेवणे, निघण्यापूर्वी रोगांची तपासणी करणे आणि दिवसाचे थांबे टाळणे आवश्यक असते. थांबणे अटळ असल्यास सावली शोधून पेट्यांवर पाणी शिंपडले जाते.