‘करण्यात येईल’ : पण कोणाकडून?

“उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.” कचेरीतून आलेले पत्र बहुधा याच वळणाचे असते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्यात असे कागद वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असते.

दोष अवघड शब्दांचा, असे आपण चटकन म्हणतो. मला ते पूर्णपणे पटत नाही. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी अर्ज, तक्रार, फिर्याद टिकलेच. आमच्या पेठेतला फरासखाना घ्या. फरासखाना म्हणजे तंबू-गालिचे ठेवण्याची जागा. पण आज ते नाव उच्चारताच पोलीस ठाणेच डोळ्यांपुढे येते. उलट, १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय निघाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि संचालक, अधीक्षक हे संस्कृत शब्दही जिभेवर रुळले. शब्द वापराने सोपे होतात.

काही शब्द मात्र फसवतात. शेजारच्या काकूंनी निराधार अनुदानासाठी अर्ज केला होता. उत्तरातले ‘कार्यवाही’ ऐकून त्या घाबरल्याच. “माझ्यावर कारवाई? मी काय केलं रे बाळा?” कार्यवाही म्हणजे कामकाज पुढे नेणे आणि कारवाई म्हणजे दोषी माणसाविरुद्ध उचललेले पाऊल, हे समजावून सांगितल्यावर त्या शांत झाल्या. मग त्यांनी विचारले, “बरं, कोण करणार? कधी?”

मला उत्तर देता येईना, कारण ते पत्रातच नव्हते. ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्त्याला कायमची रजा असते. (व्याकरणाच्या पेपरात ‘कर्ता ओळखा’ म्हणून हे वाक्य घालावे, अशी सरांना नम्र विनंती!) ‘उचित’ कोणाच्या मते? ‘नियमानुसार’ म्हणजे कोणत्या नियमानुसार? तीन महिन्यांनी दुसरे पत्र आले : ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ तोवर काकूंची उधारी वाण्याच्या वहीत वाढतच होती.

आमच्या वर्गातले कितीतरी जण स्पर्धा परीक्षांना बसणार आहेत. उद्या अशी पत्रे त्यांच्याच सहीने निघतील. त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि कालमर्यादा जाहीर करावी लागते, आणि अर्ज फेटाळल्यास कारण लेखी द्यावे लागते. ‘पदनिर्देशित’ हा शब्दही काही सोपा नाही. पण काकूंच्या ‘कोण?’ला त्यात उत्तर आहे.