‘अक्कल असती तर कर्ज झालं असतं का?’

कुणाचे हप्ते थकले की नातेवाइकांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. शिकलेली माणसंही ते बिनदिक्कत बोलतात आणि वर ‘आता मन खंबीर कर’ असा सल्ला देऊन मोकळी होतात. अशा वेळी खरोखर संताप येतो, कारण हे म्हणणं उलटं आहे. पैशाची चणचण डोक्यावर काय परिणाम करते, हे मोजून पाहिलं गेलं आहे.

२०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची त्यांनी दोनदा चाचणी घेतली, तोडणीआधी आणि तोडणीनंतर. उसाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे तोडणीआधी हात रिकामे असतात, उधारी वाढते, दागिने गहाण पडतात. तर्काच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत तेच शेतकरी तोडणीआधी मागे पडले आणि पैसा हातात आल्यावर सुधारले. कामाचा शीण किंवा आहारातला फरक हे कारण असेल का, हेही तपासलं गेलं. त्याने या फरकाचा उलगडा होत नव्हता. माणूस तोच होता, अक्कलही तीच. कारखान्याकडे बिल अडकलेल्या आपल्याकडच्या ऊसकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

शहरातल्या पगारदाराचंही असंच होतं. पाच तारखेचा हप्ता, पोराची फी, वाण्याची उधारी, हा हिशेब डोक्यात अखंड चालू असतो. मग क्रेडिट कार्डाचा फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरला जातो आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत राहतं. बँकेची पाकिटं न फोडताच ड्रॉवरमध्ये जातात, अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा ठेवला जातो. घरच्यांना ही बेफिकिरी वाटते. पुष्कळदा ती भीती असते, आणि कधी कधी नैराश्याचं लक्षणही.

हे चक्र उलटंही फिरतं. नैराश्यात झोप उडते, कामात मन लागत नाही, खाडे होतात आणि उत्पन्न घटतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्येच घेतलेल्या आढाव्यात दोन्ही दिशांचे पुरावे आहेत : गरिबीमुळे मानसिक आजार वाढतात आणि मानसिक आजारामुळे गरिबी. म्हणून कर्जाची फेररचना आणि मनावरचे उपचार एकाच वेळी सुरू करायला हवेत.

‘असे उपचार आपल्याला परवडणारे नाहीत’ हेही सरसकट खरं नाही. पटेल ज्या ‘संगथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, तिने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना फरक पडला. ते निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

असे आणखीही काही गैरसमज आहेत. ‘पैसे आले की नैराश्य आपोआप जाईल’ : ताण हलका होईल, पण मुरलेला आजार उपचार मागतोच. ‘मनाच्या आजाराला विमा नसतो’ : २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देण्याची सोय करायला सांगतो. ‘हप्ता थकला की तुरुंग’ : निव्वळ परतफेड न जमणं हा गुन्हा नव्हे; चेक न वटणं आणि फसवणूक यांचे कायदे वेगळे. ‘वसुलीवाले कधीही फोन करू शकतात’ : थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर कर्जाचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ वर फोन लावा. सरकारची ही ‘टेली मानस’ सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.